ट्रेलरच्या दारातली खिडकी: प्रकल्प नोंदी

शनिवार, १ मार्च २०२५

गेल्या शनिवारी सासूबाईंना घेऊन लॉस्ट डचमन स्टेट पार्कला मुक्काम केला. अॅरिझोनातल्या आमच्या चँडलरहून फार लांब नाही, सुपरस्टिशन डोंगराच्या अगदी पायथ्याशी. आई जानेवारीत इचलकरंजीहून आल्यात. गाडीमागे ओढत न्यायच्या आमच्या राहत्या ट्रेलरमधला त्यांचा हा पहिलाच मुक्काम.

जेवणं झाल्यावर मी कचरा टाकायला बाहेर पडले. परत येताना अंधारात आमचाच ट्रेलर समोर दिसला आणि पाय थबकले. दाराच्या खिडकीतून आतलं सगळं दिसत होतं. आई दिव्याखाली बसून वेणी घालत होत्या. फणीत अडकलेले केस बोटाला गुंडाळत होत्या, तेसुद्धा मला पंधरा-वीस पावलांवरून दिसलं. आणि मी उभी होते तो कॅम्पग्राउंडचा रस्ता. कुत्री फिरवणारी, हातात टॉर्च घेतलेली माणसं तिथूनच ये-जा करत होती.

रात्री आई साडी बदलायला बाथरूममध्ये गेल्या. आमच्या ट्रेलरच्या बाथरूममध्ये दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात. तिथे पाचवारी साडी नेसायची म्हणजे केवढी कसरत. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, पण बोलल्या काहीच नाहीत. सकाळी मीच विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "होय की, दारातनं सगळं दिसतंय. पण तुमच्यात चालत असंल म्हणून बोलले न्हाई."

ते "तुमच्यात" मला फार लागलं. दोन वर्षं आम्ही या ट्रेलरने हिंडतोय आणि एकदाही रात्री बाहेर उभं राहून आपल्या घराकडे बघितलं नव्हतं.

बाकी सगळ्या खिडक्यांना ओढायचे पडदे आहेत. फक्त दाराची खिडकी उघडी. ट्रेलर २०१७ सालचा, २२ फुटी, आम्ही जुना घेतलेला. आधीच्या मालकानेही तिथे काही लावलं नव्हतं. काच फिकट धुरकट छटेची आहे, त्यामुळे दिवसा बाहेरून आतलं काही दिसत नाही. आम्ही फसलो ते इथेच.

एप्रिलमध्ये ग्रँड कॅन्यनला जायचंय. बुकिंग ऑक्टोबरमध्येच केलंय. त्याआधी हे काम पुरं व्हायला हवं.

रविवार, २ मार्च

ट्रेलर एरवी उभा असतो त्या स्टोरेज यार्डात जाऊन मापं घेतली. (सोसायटीच्या नियमाप्रमाणे ट्रेलर घरासमोर ४८ तासच उभा करता येतो, त्यामुळे हे काम शनिवार-रविवारचंच.)

दिसणारी काच: रुंदी साडेअकरा इंच, उंची साडेवीस इंच. आतली चौकट: १४ बाय २३, कोपरे गोल. चौकटीवर दहा स्क्रू, चौकोनी खाचेचे. दाराला बाहेरून फायबरग्लासचा पत्रा, आत फोम, कडेने अॅल्युमिनियमची फ्रेम.

लोहचुंबकाच्या पट्ट्या शिवलेला पडदा लावावा असं डोक्यात होतं. विकत घेण्याआधी घरच्या फ्रीजवरचा गणपतीचा चुंबक नेऊन लावून बघितला. दारावर चिकटेना, चौकटीवर चिकटेना, कडेच्या फ्रेमवरही नाही. तिथे लोखंड असं नाहीच. तो विचार पाच मिनिटांत बाद झाला.

शेजारच्या जागेवर ज्यांचा ट्रेलर असतो त्या काकांनी त्यांच्याकडचं तयार ब्लाइंड दाखवलं. आतली चौकट काढून त्या जागी ते अख्खं बसतं, खाली ओढलं की पूर्ण अंधार. छान वस्तू आहे. आमच्या दाराच्या मापात मात्र ते बसत नाही, आमच्या चौकटीचे कोपरे जास्त गोल आहेत. मापात बसत असेल तर सरळ तेच घ्यावं असं माझं मत.

काकांनी एक गोष्ट निक्षून सांगितली. आतल्या चौकटीचे सगळे स्क्रू एकदम काढायचे नाहीत. आतली आणि बाहेरची चौकट दाराला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि ती पकड याच स्क्रूंची असते. ते काढले की काचेसकट बाहेरची चौकट अंगणात पडते.

शनिवार, ८ मार्च

दुधी काचेसारखी दिसणारी फिल्म आणली. गोंद नसलेली, पाण्यावर चिकटणारी. काच आधी साबणाच्या पाण्याने, मग अल्कोहोलने पुसली. फिल्म काचेपेक्षा किंचित लहान कापली, चारी बाजूंनी सुतभर. काठ चौकटीला टेकला तर तिथूनच उचलायला लागतो. पाण्यात दोन थेंब साबण घालून फवारलं, फिल्म ठेवली आणि जुन्या कार्डाने मधून कडेकडे पाणी काढत गेले. दोन बुडबुडे राहिले ते टाचणीने फोडले.

दुपारच्या उन्हात इतकं सुंदर दिसलं! आत गाईच्या दुधासारखा पांढरा उजेड. मी आईंना बोलावून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "आणि रात्री?"

शनिवार, ८ मार्च, रात्री

रात्रीची चाचणी घरासमोरच केली. पद्धत अशी ठरवली: आतले सगळे दिवे लावायचे. एकाने आत उभं राहून हाताची बोटं दाखवायची, दुसऱ्याने रस्त्यावरून मोजायची.

नवरा आत, मी रस्त्यावर. तो काचेपासून पाच फुटांवर असताना नुसती सावली हलताना दिसली. तीन फुटांवर आला तेव्हा डोकं, खांदे, हात वेगळे कळले. काचेजवळ आला तशी बोटं मोजता आली. चार.

दुधी काच उजेड अडवत नाही, तो विस्कटते. वस्तू काचेपासून जितकी लांब तितकी जास्त विस्कटते. पण काचेला खेटून असलेली वस्तू जवळजवळ स्पष्टच दिसते. आणि आमच्या ट्रेलरमध्ये दारासमोरची चार फूट जागा हीच काय ती मोकळी, साडी नेसायची तर तिथेच.

आरशासारख्या फिल्मचाही विचार झाला, नवऱ्याच्या एका मित्राने सुचवली होती. ती मी रात्रीच्या हिशेबातच बाद केली. अशी फिल्म काही उजेड परत फेकते, काही आरपार सोडते. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूच्या माणसाला आपलंच प्रतिबिंब दिसतं आणि पलीकडचं दिसत नाही. दिवसा उजेड बाहेर, त्यामुळे बाहेरच्याला आरसा. रात्री दिवा आत, म्हणजे आरसा आपल्याला आणि खिडकी बाहेरच्याला. शिवाय आत बसलेल्याला वाटतं की आपण झाकलेले आहोत. ते तर उघड्या काचेहून वाईट.

दुधी फिल्मही काढून टाकली. दिवसासाठी ती उत्तम होती, रात्रीसाठी नाही.

रविवार, ९ मार्च

दुसरा प्रयोग. चंदेरी फॉइल असलेलं बबल शीट, गाडीच्या काचेला उन्हासाठी लावतात तसलं. चौकटीच्या मापाने कापलं. चौकटीवर हूक-आणि-लूपच्या (व्हेल्क्रो) चिकटपट्ट्यांचे सहा तुकडे लावले. जागा अल्कोहोलने पुसली, पट्ट्या दाबून धरल्या, चोवीस तास हात न लावता ठेवायच्या असं पाकिटावर लिहिलंय. ट्रेलर आज यार्डात परत गेला, त्यामुळे आठवडाभर आपोआपच तसा राहील.

शनिवार, १५ मार्च

यार्डात गेले तेव्हा सहापैकी चार तुकडे चौकटीवरून घसरून खाली लोंबत होते. बंद ट्रेलरच्या आतल्या थर्मामीटरवर ४३ अंश सेल्सिअस. मार्चमध्ये ही स्थिती तर जूनमध्ये काय होईल! चौकटीचा पृष्ठभाग खरबरीत आहे, गोंद नीट बसत नाही आणि उष्णतेने मऊ झाला की ओघळतो. उरलेला गोंद हेअर ड्रायरने गरम करून आणि अल्कोहोलने पुसून काढायला तासभर गेला.

इथून पुढे या दारावर चिकटपट्टी नाही. जे काही करायचं ते स्क्रूवर.

पण फॉइल शीट वाया गेलं नाही. चौकटीच्या आत, काचेच्या खोबणीत ते दाबून बसवलं तर कशाचाही आधार लागत नाही, फक्त चारी बाजूंनी सुतभर मोठं कापायला हवं. रात्रीची चाचणी घेतली: पूर्ण अंधार, एकही बोट नाही. मी खूश.

आई म्हणाल्या, "दारावर कोण आलंय ते कसं बघायचं गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दाराला दुसरं भोक नाही. रात्री कुणी टकटक केली तर फॉइल उपसून काढायचं, म्हणजे खिडकी एकदम सताड उघडी आणि आतला माणूस उजेडात. आई इथे दुपारी एकट्या असल्या तरी बेल वाजल्यावर आधी पडद्याच्या फटीतून बघतात. आयुष्यभराची सवय आहे, आणि बरोबर सवय आहे.

म्हणजे हवंय असं काही की जे रात्री आतून उजेड बाहेर जाऊ देणार नाही, एका बोटाने बाजूला सारता येईल, रस्त्यावरच्या हादऱ्यांनी पडणार नाही आणि दार उघडलं की फडफडणार नाही. फॉइल कडाक्याच्या उन्हासाठी आणि थंडीसाठी वेगळं ठेवू.

शनिवार, २२ मार्च

पडदा ठरला. दोन चपट्या सळ्या आणल्या, वर एक, खाली एक. मध्ये पडदा ताणलेला, म्हणजे दार उघडताना तो झुलणार नाही. स्क्रूने लावायच्या आधी नुसत्या हाताने धरून दार मिटून बघितलं आणि खटकन आवाज आला. आतलं जाळीचं दार सळीला आपटलं.

हे आधी लक्षात यायला हवं होतं. ट्रेलरच्या दाराला आतून जाळीचं दुसरं दार जोडलेलं असतं. दोन्ही मिटली की एकमेकांना जवळजवळ खेटतात. मधली फट किती ते टेपने मोजता येईना, कारण दारं मिटल्यावर तिथे हात जात नाही.

आईंनी पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा दिला. तो त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, खिडकीच्या चौकटीवर चिकटवला आणि म्हणाल्या, "आता लाव दार." दार लावलं, उघडलं, चपटा झालेला गोळा सुरीने मधोमध कापला आणि त्याची जाडी मोजली. सव्वा इंच. सळ्या भिंतीपासून दीड इंच पुढे येतात, त्यामुळे त्या बाद.

मी पायरीवर बसून राहिले. आई आत भांडी लावत होत्या. ओट्याखालच्या कपाटाकडे बघत त्या म्हणाल्या, "स्प्रिंग लाव की. सळी कशाला पायजे?"

स्प्रिंग! ओट्याखालच्या पडद्याची, देवघराच्या पडद्याची, दोन खिळे आणि दोन आकडे यांच्यात ताणलेली. लहानपणी प्रत्येक घरात ती बघितलीय. पेन्सिलीपेक्षा बारीक, वरून पांढरं प्लास्टिक. नेफ्यात घातली की कापडासकट जाडी जेमतेम अर्धा इंच. इथे दुकानांत सहसा दिसत नाही, पण ऑनलाइन मिळते. दोन मीटर मागवली, बरोबर आकडे आले.

शुक्रवार, २८ मार्च

स्प्रिंग अडकवायची कशाला, यावर दोन संध्याकाळी विचार केला. दारात नवीन भोक पाडायचं नाही. दार पोकळ, वरचा पत्रा पातळ, आत फोम. लांब स्क्रू गेला तर बाहेरून टोक येईल, आणि अशा भोकातून फोममध्ये पाणी शिरलं तर दार आतून सडतं.

मार्ग चौकटीच्याच स्क्रूंमध्ये होता. दोन्ही उभ्या बाजूंचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा, असे चार स्क्रू. प्रत्येकाखाली फोटो टांगायची डी-रिंग घालायची, तिची पत्री अगदी पातळ असते, आणि तोच स्क्रू परत बसवायचा. ट्रेलर आज संध्याकाळीच घरी आणला. एक स्क्रू काढायचा, रिंग घालायची, परत बसवायचा, मगच दुसऱ्याला हात. ड्रिल नाही, हातातला स्क्रूड्रायव्हर. घट्ट लागला की थांबायचं. जास्त पिळलं तर आतली खाच झिजते आणि मग स्क्रू कधीच धरत नाही.

वीस मिनिटांत चारही रिंगा बसल्या. डाव्या-उजव्या रिंगांमधलं अंतर १३ इंच, वरच्या-खालच्यांमधलं १९.

हे १९ इंच कमी पडतात, काच साडेवीस आहे. आईंनी त्याचंही उत्तर दिलं: नेफा काठाला घ्यायचा नाही. वर पावणेदोन इंच आणि खाली पावणेदोन इंच झालर सोडून मग नेफा. ताठ कापडाची झालर आपोआप उभी राहते. म्हणजे तयार पडदा साडेबावीस इंच उंच.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी घराच्या दारात उभारली. उरलेल्या झेंडूंची माळ आईंनी ट्रेलरच्या दाराला बांधली आणि त्यावर हळद-कुंकू वाहिलं. माझ्या डोक्यात ट्रेलर म्हणजे गाडीच होती. त्या मात्र पहिल्या दिवसापासून त्याला "ते घर" म्हणतात.

कापड: आईंची जुनी सुती साडी, निळ्या अंगाची, तांबड्या काठाची. धुऊन धुऊन इतकी मऊ झालीय की हातात धरली तर पाण्यासारखी वाहते. अस्तर पांढरं ब्लॅकआउट कापड, म्हणजे उजेड अडवणारा लेप दिलेलं. रस्त्याच्या बाजूला पांढरंच हवं. इथल्या उन्हात काचेमागे काळं कापड लावलं तर तापून तव्यासारखं होईल.

पडदा दोन पाखांचा, मध्ये दोन इंच एकावर एक. फट हवी तेव्हा एका बोटाने एक पाख सरकवायची. मला एकच पाख सोपी वाटत होती, पण दारावर कोण आलंय ते बघायचं तर दोन पाखा हव्यातच हे आईंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं.

हिशेब: झाकायची रुंदी १३, अधिक एकावर एक येणारे दोन इंच, झाले १५. चुण्यांसाठी सव्वापट धरून साधारण १९. म्हणजे प्रत्येक पाख तयार साडेनऊ इंच. दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाची दुहेरी दुमड, म्हणून साडी कापताना साडेअकरा. उंची कापताना साडेसत्तावीस. अस्तर तयार मापाएवढंच कापायचं आणि साडीची दुमड त्याच्यावर घ्यायची, म्हणजे काठ जाड होत नाहीत. आईंनी हे सगळं पाटावर खडूने लिहिलं. माझं शिलाई मशीन पायाने हाणायचं नाही, विजेच्या पेडलचं आहे, त्यामुळे त्यांनी आधी दोन-तीन चिंध्यांवर हात बसवला. "ही लई पळतीय," म्हणाल्या, आणि मग त्यांनीही पळवली. एकेकाळी त्या घरी बसून दिवसाला ब्लाउजांचा ढीग शिवायच्या. त्यांना शिवताना मी आज पहिल्यांदा बघितलं. लग्नाला अकरा वर्षं झाली.

ब्लॅकआउट कापडाच्या लेपाची बाजू मशीनच्या दातांवर अडकते, पुढे सरकत नाही. खाली बटर पेपरची पट्टी ठेवून टीप मारली आणि मग कागद फाडून काढला. मस्त सरकलं.

रविवार, ३० मार्च, रात्री

पडदा लावला, दिवे लावले. नवरा आत बोटं दाखवतोय, आई आणि मी रस्त्यावर.

बोटं दिसली नाहीत. पण पडद्यावर उजेडाचे बारीक ठिपके दिसत होते, ओळीने, जणू दाभणाने टोचलेत. आई जवळ गेल्या, पडद्याकडे एकटक बघितलं आणि म्हणाल्या, "टाचण्या."

बरोबर. कापड एकत्र धरायला मी टाचण्या लावल्या होत्या, पार मधोमधसुद्धा. साध्या कापडात टाचणीचं भोक धागे सरकून बुजतं. ब्लॅकआउटचा लेप एकदा भोसकला की भोसकला. शिवणीच्या बाजूनेही बारीक टिपेच्या जागी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी रेघ.

बाहेरून त्या ठिपक्यांतून काही बघता येत नाही. हे चालेल असं मी म्हणत होते. आई ऐकेनात. अस्तर उसवून नवीन घालायचं ठरलं.

शनिवार, ५ एप्रिल

अस्तर नवीन. या वेळी टाचणी एकही नाही, कपड्यांचे चिमटे. सुई १४ नंबरची, टीप लांब, जेणेकरून भोकं कमी पडतील. उभ्या शिवणी अगदी काठाला घेतल्या, तिथे साडीची दुमड दुहेरी असल्यामुळे उजेड अडतो. नेफ्याच्या टिपा टाळता येत नाहीत, पण त्या चुण्यांत लपतात.

रात्रीची चाचणी: ठिपके नाहीत. दार वीस वेळा उघडमीट केलं, जाळीचं दार कुठे लागत नाही. कुलूप, हँडल मोकळं. ते मी मुद्दाम अंधारात चाचपून बघितलं, कारण आगीबिगीच्या वेळी पडदा हाताला अडकता कामा नये. (आणीबाणीसाठी लाल हँडलची खिडकी मागे आहे. आज आईंना ती उघडायला शिकवली. ते पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं.)

शनिवार, १२ एप्रिल, मॅदर कॅम्पग्राउंड, ग्रँड कॅन्यन

काल आलो. आय-१७ महामार्गाने फ्लॅगस्टाफ, तिथून विल्यम्सवरून हायवे ६४. घराकडची उष्णता मागे टाकत दोन हजार मीटरच्या वर. इथे ३० फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही आणि विजेची जोडणी नाही, दिवे बॅटरीवर.

प्रवासाची चाचणी: पडदा जागेवर. फक्त खालची उजवी रिंग चौकटीवर वाजत होती, नवऱ्याने फ्लॅगस्टाफच्या आधीच ओळखलं "काहीतरी टकटकतंय." मुक्कामाला पोहोचल्यावर रिंगेखाली फेल्टचा तुकडा घातला.

ग्रँड कॅन्यनला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, त्यामुळे बाहेरचे दिवे इथे कुणी लावून ठेवत नाही. आम्हीही दारावरचा दिवा बंदच ठेवला. अशा जागी आतला साधा दिवासुद्धा लांबून डोळ्यांत भरतो. आमच्या पडद्याची खरी परीक्षा इथेच होती.

काल रात्री आठला आईंनी स्वतः शाल गुंडाळली, कानाला रुमाल बांधला आणि म्हणाल्या, "तू आत थांब. बोटं दाखव." त्या एकट्या बाहेर गेल्या. मी दारासमोर, दिव्याखाली, काचेपासून हातभर अंतरावर उभी. दोन बोटं दाखवली, मग पाच, मग दोन्ही हात. बाहेरून काहीच आवाज येईना. चंद्र जवळजवळ पूर्ण होता, आज चैत्री पौर्णिमा. मी एका बोटाने पडदा सारून बघितलं तर आई रस्त्याच्या पलीकडे पाइनच्या झाडाखाली, शाल सावरत, मान इकडे-तिकडे वाकवून ट्रेलर न्याहाळत होत्या. शिलाई झाल्यावर ब्लाउज हातात धरून उसवलेला टाका शोधतात, अगदी तशा.

आत आल्या आणि म्हणाल्या, "बिजागरीच्या अंगानं रेघ दिसतीय उजेडाची. बाकी न्हाई दिसत." मी बघून आले. खरंच, डाव्या काठाला वरपासून खालपर्यंत सुतभर फट. १३ इंचांच्या रिंगा, आणि चुण्या मधे जमल्या की पाख कडेने आत ओढली जाते.

मग त्यांनी पडदा नीट ओढला, दारासमोरच्या मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल, तोंड फिरव तिकडं, साडी बदलती." मी आणि नवरा ताऱ्यांकडे बघायला बाहेर पडलो. चंद्रामुळे तारे फारसे नव्हतेच.

रविवार, १३ एप्रिल

रात्री गारठा होता म्हणून पडद्यामागे खोबणीत फॉइलही बसवलं होतं. दारातून येणारी थंडी एकदम कमी झाली. सकाळी फॉइल काढलं तर काच आतून पाण्याने डबडबलेली, थेंब ओघळून चौकटीच्या तळाशी साचलेले. तिघांचा श्वास आणि चहाची वाफ, सगळी त्या गार काचेवर. पुसून घेतलं. नाहीतर पडद्याच्या खालच्या झालरीला बुरशी धरेल. नियम: फॉइल लावलं तर छताचं झरोकं बोटभर उघडं ठेवायचं आणि सकाळी पहिलं काम काच पुसायचं.

शनिवार, २६ एप्रिल

डाव्या काठाची रेघ मिटवली. आईंनी दोन टिचबटणं लावली. एक अर्धं पाखेच्या काठावर शिवलं. दुसरं अर्धं एका बारीक कापडी पट्टीवर, आणि ती पट्टी चौकटीच्या मधल्या स्क्रूखाली दाबली. पाख आता कडेला ताणलेली राहते. उजव्या बाजूलाही तसंच केलं, तिथे फट नव्हती तरी.

रात्री शेवटची चाचणी. तिघांनी आळीपाळीने बाहेरून बघितलं. चारी बाजू काळ्या.

आई पुढच्या शनिवारी परत जातायत. आज दुपारी त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर पडद्याचं पॅटर्न कापून ठेवलं, नेफ्याची रेघ, झालरीची रेघ, दुमड, सगळं पेनाने. वर मराठीत लिहिलंय: "दाराचा पडदा. टाचणी लावू नये." घडी करून ट्रेलरच्या चमच्यांच्या खणात तळाशी ठेवलाय. उरलेल्या साडीचा एक हात कापड त्याच्याच शेजारी.

बाकी: वरच्या स्प्रिंगचा एक आकडा थोडा उघडलाय, पक्कडीने आवळायचा.